पाय भरतात ते उतारामुळे

दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराची यात्रा करून आलेली मंडळी दोन दिवसांनी जिना कसा उतरतात, हे तळोदा-शहाद्याकडच्या घराघरांत पाहिलेलं असतं. कठडा धरून, आडवं होत, एकेका पायरीवर थांबत. तोच जिना चढताना एवढा त्रास होत नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘चढ फार होता, अंगात लॅक्टिक आम्ल साचलं.’ तोरणमाळच्या सीताखाईकडे किंवा पाटणादेवीच्या जंगलात डोंगरवाटेवर धावणारेही हेच सांगतात. या उत्तरातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. हे दुखणं मुख्यतः चढाचं नसतं, आणि आम्लाचं तर नसतंच.

आधी आम्लाचं निकालात काढू. झटून धावल्यावर रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचं शरीरातलं रूप, वाढतं, पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते मूळ पातळीवर येतं. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं. १९८३ साली एका प्रयोगात काही जणांना ट्रेडमिलवर ४५ मिनिटं सपाटीवर आणि १० टक्के उतारावर धावायला लावलं. लॅक्टेट वाढलं ते सपाटीवर, आणि नंतर पाय दुखले ते उतारावर धावल्यामुळे. त्यामुळे ‘लॅक्टिक आम्ल बाहेर काढणारी’ तेलं आणि मोजे यांच्यावर पैसे घालवू नयेत. मालिशने बरं वाटतं, जरूर करावी. पण साचलेलं काही त्यातून बाहेर पडत नाही, कारण साचलेलंच काही नसतं.

मग उतारावर होतं काय? उतरताना दर पावलाला शरीर खाली आदळू पाहतं आणि मांडीचा पुढचा स्नायू त्याला थोपवतो. गुडघा वाकत जातो, म्हणजे स्नायू ताणला जात असतो, आणि त्याच वेळी तो जोरही लावत असतो. चढताना स्नायू आखडत जोर लावतो, उतरताना लांबत लांबत. सगळं इथेच आहे.

स्नायूचा तंतू म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या हजारो सूक्ष्म खणांची साखळी. या खणाला सार्कोमिअर म्हणतात, लांबी सुमारे अडीच मायक्रोमीटर. प्रत्येक खणात अ‍ॅक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड धागे एकमेकांत शिरलेले असतात. मायोसिनची टोकं अ‍ॅक्टिनला पकडून ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. रस्सीखेचीत हात बदलत दोर ओढावा तसं. दर सोडण्याला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो. उतारावर मात्र दोर समोरूनच हिसकला जातो. पकड एटीपी न खर्चता जबरदस्तीने सुटते, आणि सुटेपर्यंत नेहमीपेक्षा जास्त ताण सोसते. म्हणून लांबत जाणारा स्नायू कमी इंधनात जास्त बळ देतो.

हे किती स्वस्त पडतं, ते अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची यांनी १९५२ मध्ये दाखवलं. दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचं, दुसऱ्याने त्याला फक्त थोपवायचं. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे करून दाखवलं तेव्हा लहान चणीच्या स्त्रीने फारसे कष्ट न घेता धिप्पाड पुरुषाला दमवलं. पुढे २००२ मध्ये मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या चढ-उतारांवरचा ऊर्जेचा खर्च मोजला. सपाटीवर धावायला दर किलो वजनामागे दर मीटरला ३.४ ज्यूल लागतात. १०० मीटरमागे २० मीटर खाली नेणाऱ्या उतारावर जेमतेम १.७. त्याहून तीव्र उतारावर खर्च पुन्हा वाढू लागतो. आणि ४५ टक्के चढावर धावायला १८.९, चालायला १७.३. म्हणून उभ्या चढावर हात मांडीवर टेकवून चालणं हा कमीपणा नव्हे, हिशोब आहे.

पण स्वस्ताईची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. लांबताना प्रत्येक तंतू जास्त बळ देतो, म्हणून स्नायू कमी तंतू कामाला लावतो. त्या थोड्या तंतूंवर प्रत्येकी जास्त ताण येतो. साखळीतले सगळे खण सारखे मजबूत नसतात. जो दुबळा तो आधी ताणला जातो. एका मर्यादेपलीकडे धाग्यांचा एकमेकांत शिरलेला भाग कमी होतो, तो आणखी दुबळा होतो, आणि झटकन उसवतो. असे खण उसवत गेले की तंतूचं आवरण फाटतं, कॅल्शियम नको तिथे शिरतं, प्रथिनं मोडू लागतात. मग दुरुस्तीसाठी पेशी जमतात, सूज येते, मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. या शेवटच्या टप्प्याला तास लागतात, म्हणून दुखणं उशिरा येतं.

यातली धोक्याची गोष्ट अशी, की दुखणं उशिरा येत असलं तरी ताकद तिथल्या तिथे कमी होते. ६० किलोचा माणूस ६०० मीटर खाली उतरतो तेव्हा सुमारे ३५३ किलोज्यूल ऊर्जा पायांनी जिरवलेली असते. ती वाट चार किलोमीटरची धरली आणि पाऊल ८० सेंटिमीटरचं, तर प्रत्येक पायाला अडीच हजार दणके. दम लागलेला नसतो, दुखत नसतं, त्यामुळे वेग तसाच राहतो. आणि मांडी मात्र पूर्वीइतकी थोपवत नाही. उताराच्या शेवटच्या भागात घोटे मुरगळतात ते यामुळेही.

त्यात सातपुड्याची वाट. माघ-फाल्गुनात सागाची मोठाली वाळकी पानं घसाऱ्यावर पसरतात आणि खाली गोटा आहे की खळगा ते दिसत नाही. अशा ठिकाणी पाऊल ठेवून मग भार टाकायचा, धावायचं नाही. पावसाळ्यानंतर सावलीतल्या काळ्या दगडावर शेवाळ असतं. तिथे कोणताही तळवा भरवशाचा नाही. उघड्या मुरमावर पावलं आखूड आणि भरभर टाकावीत. लांब ढांग टाकून टाचेने ब्रेक मारला की गुडघा सरळ राहतो आणि सगळा दणका एकदम बसतो. गुडघा किंचित वाकलेला, अंग मागे न रेललेलं, हात पसरलेले, नजर तीन-चार मीटर पुढे. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, आणि घोट्याजवळची शेवटची भोकं वापरून लेस आवळायची. नाहीतर पाय पुढे सरकून नखं काळी पडतात.

खरा उपाय मात्र स्नायूतच आहे. एकदा हलका उतार घडला की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढ्याच उताराने फारसा दुखत नाही. उतारावर धावणाऱ्या उंदरांच्या मांडीत, चढावर धावणाऱ्यांपेक्षा जास्त खण जोडलेले आढळले आहेत. खण वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला ताण कमी येतो. म्हणून मोठ्या उतरणीच्या तीन-चार आठवडे आधी १५० मीटर उतरावं, आठवड्याने ३००, मग ४५०. शेवटच्या दहा दिवसांत नवीन काही करू नये. डोंगर जवळ नसेल तर टेकडी किंवा इमारतीचा जिना चालतो, लिफ्टने वर जाऊन पायांनी उतरायचं. जळगावची केळी वाटेत खावीत, एका केळ्यातून पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं मिळतात. पण उसवलेले खण केळ्याने शिवले जात नाहीत.

धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नये. खानदेशच्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, मोडलेल्या स्नायूतली प्रथिनं मूत्रपिंडावर येत असतात, आणि त्यात ही गोळी भर घालते. उतरून आल्यावर एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, किंवा मांड्या सुजून टणक झाल्या, तर घरी शेकत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठून किती उतरलो, पाणी किती प्यायलो आणि कोणती गोळी घेतली ते डॉक्टरांना सांगावं.