संमीलन भट्टीची भिंत आणि टंगस्टनचे पुनरागमन

ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या समस्थानिकांचे संमीलन घडवण्यासाठी, म्हणजे त्यांची अणुकेंद्रके जोडण्यासाठी, प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू) सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. हे तापमान कोणताही पदार्थ सोसू शकत नाही, पण भिंतीची मुख्य अडचण ही नव्हे. टोकामाक या कड्याच्या आकाराच्या चुंबकीय भट्टीतील प्लाझ्मा हवेच्या तुलनेत लाखो पटींनी विरळ असतो आणि त्याचा तप्त गाभा चुंबकीय क्षेत्रामुळे भिंतीपासून दूर राहतो. अडचण होते ती काठावरून निसटणाऱ्या कणांमुळे. हे कण चुंबकीय रेषांच्या आधाराने तळाच्या डायव्हर्टर नावाच्या भागात पोहोचतात आणि तेथील एका अरुंद पट्टीवरच आदळतात. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘ईटर’ या संमीलन प्रकल्पात या पट्टीला दर चौरस मीटरमागे सुमारे १० मेगावॉट उष्णता सतत झेलावी लागेल. भर दुपारच्या उन्हाच्या ही दहा हजार पट आहे.

यासाठी बरीच वर्षे कार्बनला पसंती होती. तो वितळत नाही, आणि त्याचे अणू प्लाझ्मात शिरले तरी गाभ्यात त्यांचे सहाही इलेक्ट्रॉन गळून पडत असल्याने ते फारशी ऊर्जा उधळत नाहीत. मात्र हायड्रोजनशी त्याची रासायनिक अभिक्रिया होऊन भिंत झिजते, आणि झिजलेला कार्बन इतरत्र साचताना ट्रिटियमलाही आपल्यात अडकवतो. ट्रिटियम दुर्मीळ आणि किरणोत्सारी असल्याने हा तोटा परवडणारा नाही. म्हणूनच ब्रिटनमधील ‘जेट’ यंत्रातील कार्बनच्या फरशा काढण्यात आल्या आणि २०११ पासून तेथे बेरिलियमची भिंत व टंगस्टनचा डायव्हर्टर वापरात आला.

टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो आणि फार कमी झिजतो. पण त्याचा अणुक्रमांक ७४ आहे, त्यामुळे गाभ्यातही त्याचे काही इलेक्ट्रॉन अणूला चिकटून राहतात आणि प्लाझ्माची ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर टाकत राहतात. लाख कणांमागे टंगस्टनचे मोजके अणू मिसळले, तरी प्लाझ्मा थंडावू लागतो. प्रिन्स्टनच्या ‘पीएलटी’ यंत्रात १९७० च्या दशकात हाच अनुभव आल्यावर संशोधक ग्राफाइटकडे, म्हणजे कार्बनकडे, वळले होते.

माझ्या मते या इतिहासातील लक्षणीय गोष्ट अशी, की टंगस्टन परतला तो प्लाझ्मावरील नियंत्रण सुधारल्यामुळे. धातू होता तसाच आहे. डायव्हर्टरजवळ नायट्रोजन किंवा निऑन सोडला, की येणारी बरीचशी ऊर्जा प्रकाशरूपाने सर्वत्र विखुरते, आणि भिंतीवर आदळणाऱ्या कणांचा वेग टंगस्टनचे अणू उखडण्यास अपुरा पडतो. काठावर अधूनमधून होणारे उद्रेक मात्र अजून पुरते आवरलेले नाहीत, आणि हेलियमच्या माऱ्याने तप्त टंगस्टनवर लव उगवल्यासारखे सूक्ष्म तंतू तयार होतात, तेही तापदायकच. तरीही ‘ईटर’ने २०२३ मध्ये आतील भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन वापरण्याचे ठरवले, आणि फ्रान्समधीलच ‘वेस्ट’ या टंगस्टनच्या भिंतींच्या यंत्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लाझ्मा १३३७ सेकंद टिकवला.

‘वेस्ट’मध्ये ट्रिटियम नव्हता, म्हणून भिंतीची सर्वांत कठोर परीक्षा तेथे झाली नाही. ड्युटेरियम-ट्रिटियम संमीलनातील सुमारे चार पंचमांश ऊर्जा १४.१ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांकडे जाते. विद्युतभार नसल्याने ते चुंबकीय क्षेत्राला जुमानत नाहीत. ते धातूच्या आत शिरून अणू जागचे हलवतात, त्याला ठिसूळ करतात आणि टंगस्टनच्या काही अणूंचे रेनियममध्ये रूपांतर करतात. असा मारा दीर्घकाळ सोसल्यावर धातूचे काय होते हे तपासण्यासाठी स्पेनमधील ग्रॅनाडाजवळ ‘इफमिफ-डोन्स’ हा कणत्वरक उभारला जात आहे.