पाय दाबला आणि गाडी निघाली, मधे काय काय झालं

इलेक्ट्रिक गाडी पहिल्यांदा चालवली की जो तो एकच बोलतो, काय पिकअप आहे राव! पण हा पिकअप आजचा नाहीये. २९ एप्रिल १८९९ ला पॅरिसजवळ कामिल जेनात्झी या बेल्जियन रेसरने ताशी १०० किमीचा आकडा पहिल्यांदा ओलांडला तो इलेक्ट्रिक गाडीतच, आणि ३ फेब्रुवारी १९२५ पासून व्हीटी-कुर्ला धावायला लागलेल्या लोकलच्या डीसी मोटरचंही तेच, जागेवरून निघतानाच जोर सगळ्यात जास्त.

पेट्रोल इंजिनाचं उलट. थांबलेल्या इंजिनाला टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, नसतोच, ते आधी फिरतं ठेवावं लागतं, म्हणून तर क्लच न् गिअरचा सगळा खटाटोप. त्यात आपण रेस देतो तेव्हा पेट्रोल नाही, हवेची झडप उघडतो, हवा हलकी म्हणून धावत आत जाते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं आणि गाडी क्षणभर गुदमरते. यावर कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, एक छोटा पंप असायचा. जुन्या मारुती ८०० च्या एअर फिल्टरचं झाकण काढून हाताने लिव्हर ओढली की आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडताना दिसायची, तेवढ्या पिचकारीवर सिग्नलवरून निघताना गाडी अडखळायची की नाही ते ठरायचं. मला अजून ती फार सुंदर युक्ती वाटते.

मग पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं, इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो आला. टर्बोला फिरायला धूर लागतो, धूर तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोत पाय दाबल्यावर आधी काहीच नाही आणि मग एकदम धक्का.

खरा बदल माझ्या मते बॅटरीने नाही, १९८७ च्या बीएमडब्ल्यू ७५० ने केला. तिच्यात पेडलची केबलच गेली, पाय फक्त मागणी करणार आणि झडप किती उघडायची ते कॉम्प्युटर ठरवणार. आजची ईव्ही हेच करते, फक्त झडपेऐवजी करंट. रांजणगावच्या कारखान्यातली टाटाची २०२० ची नेक्सॉन ईव्ही घ्या, २४५ न्यूटन मीटर टॉर्क, सगळा जोर पुढच्या दोन चाकांवर, तो एका झटक्यात सोडला तर ओल्या रस्त्यावर टायर जागेवरच फिरतील. म्हणून सॉफ्टवेअर तो मुद्दाम चढत्या क्रमाने सोडतं, ड्राइव्ह आणि स्पोर्ट मोडमध्ये मोटर तीच असते, हा चढ बदलतो.

आणि वेग वाढला की मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, करंट आत ढकलणं अवघड होत जातं, टॉर्क उतरतो. त्यामुळे सिग्नलला सगळ्यांना मागे टाकणारी गाडी एक्सप्रेसवेवर शंभरच्या पुढे ओव्हरटेक करताना तेवढी तडफदार वाटत नाही.