ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर नेट बंद पडलं, तर रीसेट दाबण्याआधी हे वाचा

ज्या ग्राहकांनी आमच्याकडून राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी बसवायचं मोफत फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून घेतलं आहे, किंवा घरी स्वतः टाकलं आहे, त्यांच्यासाठी ही माहिती. पहिली कळकळीची विनंती म्हणजे नेट गेलं की लगेच टाचणी घेऊन रीसेटचं भोक शोधू नका. ते बटण पाच सेकंदांहून जास्त दाबलं की बहुतेक मॉडेल्समध्ये सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात. त्यात फायबरवाल्याने दिलेला यूजरनेम आणि पासवर्ड जातो, वायफायचं नाव जातं आणि बहुतेक वेळा वायफायच बंद होतं. मूळ बिघाड एखाद्या सैल केबलचा असतो आणि रीसेटमुळे त्याचे चार बिघाड होतात. दुकानात ‘मेला’ म्हणून आलेले बरेच राउटर जिवंतच असतात.

पत्ते आणि आज्ञा इथे मराठी अंकांत व अक्षरांत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अंक आणि इंग्रजी छोटी अक्षरं वापरा.

वायफायचं नावच दिसत नाही

हा बिघाड नसण्याची शक्यता जास्त. नव्याने टाकलेलं ओपनडब्ल्यूआरटी सुरक्षेसाठी वायफाय बंद ठेवूनच सुरू होतं. लॅन केबलचं एक टोक राउटरच्या लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या) घाला. वॅन पोर्ट (बाहेरून नेट येतं तो) बहुधा वेगळ्या रंगाचा असतो, तो नको. दुसरं टोक लॅपटॉपमध्ये घाला. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी ते लॅन अ‍ॅडॉप्टर घ्या. बऱ्याच अँड्रॉइड फोनवरही तो चालतो. लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय बंद करा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, यूजरनेम ‘रूट’ (root) लिहा आणि पासवर्डची जागा रिकामी सोडा. आत गेल्यावर आधी पासवर्ड ठेवा. मग नेटवर्क मेनूतल्या वायरलेसमध्ये देशाचा कोड ‘आयएन’ निवडा, वायफायला नाव आणि पासवर्ड द्या आणि ते चालू करा.

लॅपटॉपचं वायफाय बंद करायला सांगतो त्याला कारण आहे. फायबरवाल्याने भिंतीवर लावलेल्या डब्याचा पत्ताही पुष्कळदा १९२.१६८.१.१ हाच असतो. लॅपटॉप त्या डब्याच्या वायफायला चिकटलेला असेल तर पान त्याचं उघडतं, आणि माणसाला वाटतं की फर्मवेअर बसलंच नाही.

पान उघडत नसेल तर लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्याला कोणता आयपी पत्ता मिळालाय ते बघा. १९२.१६८.१ ने सुरू होत असेल तर मार्ग बरोबर आहे, ब्राउझर बदलून बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून उत्तर आलेलं नाही. केबल चुकीच्या पोर्टात आहे, किंवा राउटर पूर्ण सुरूच झालेला नाही. १९२.१६८.०.१ वर कंपनीचं जुनं पान दिसलं तर नवं फर्मवेअर चढलेलंच नाही.

राउटरचं पान उघडतं, पण नेट नाही

मुंबईतल्या घरांत हे जास्त होतं, कारण राउटरच्या मागे फायबरवाल्याचा डबा असतोच. डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि आपल्या राउटरचाही तोच. दोन्ही बाजूंना एकच पत्ता म्हटल्यावर डेटा कुठे पाठवायचा ते राउटरला कळत नाही. आपल्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१०.१ करा.

इथे बरेच जण अडकतात. ‘सेव्ह अँड अप्लाय’ दाबल्यावर राउटर ९० सेकंद थांबतो. तेवढ्या वेळात तुमचा ब्राउझर नव्या पत्त्यावरून परत जोडला गेला नाही, तर तो आपणहून जुनी सेटिंग आणतो. ग्राहक मग सांगतात, ‘पत्ता बदलतो, पण टिकत नाही.’ उपाय साधा आहे. अप्लाय दाबल्याबरोबर लॅपटॉपकडची केबल काढून पुन्हा लावा, म्हणजे लॅपटॉपला नवा पत्ता मिळेल, आणि लगेच नवा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. किंवा अप्लायच्या शेजारच्या बाणावर ‘अप्लाय अनचेक्ड’ आहे, ते निवडा.

पत्त्यांची टक्कर नसेल तर जोडणीचा प्रकार बघा. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये वॅन सुरुवातीला डीएचसीपीवर (पत्ता आपोआप मिळायची पद्धत) असतो. तुमच्या केबलवाल्याने (म्हणजे फायबरवाल्याने) यूजरनेम-पासवर्ड दिला असेल तर तो पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडायची पद्धत) करावा लागतो. त्यानंतरही नेट आलं नाही तर स्टेटस मेनूतला सिस्टीम लॉग उघडा. तो इंग्रजीत असतो, पण आपल्याला दोनच ओळी शोधायच्या आहेत.

‘टाइमआउट वेटिंग फॉर पॅडो पॅकेट्स’ ही ओळ दिसली तर राउटरने हाक मारली आणि पलीकडून कोणी ओ दिली नाही. इथे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करून काही होणार नाही, कारण बोलणं तिथवर पोचलेलंच नाही. वॅनची केबल, डब्याचा योग्य पोर्ट, आणि तुमच्या जोडणीला व्हीलॅन क्रमांक (केबलवाला जोडणीसाठी ठरवतो तो खूणक्रमांक) लागतो का, या तीन गोष्टी तपासा. व्हीलॅन क्रमांक केबलवाल्याला विचारावा लागतो. तो अंदाजाने सापडत नाही.

‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ ही ओळ असेल तर पलीकडचा ऐकतोय, पण ओळख पटत नाही. यूजरनेममध्ये अ‍ॅटच्या खुणेनंतरचा भाग राहिला का बघा. तोही बरोबर असेल तर जुन्या राउटरचं सत्र पलीकडे अजून उघडं असू शकतं. वीज काढून दहा मिनिटं थांबा आणि परत लावा. काही केबलवाले जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (यंत्राचा कारखान्यात दिलेला ओळख क्रमांक) बांधतात. जुन्या राउटरच्या स्टिकरवरचा बारा अक्षरांचा मॅक पत्ता वॅनच्या डिव्हाइस सेटिंगमध्ये लिहा, किंवा केबलवाल्याला फोन करून नवा मॅक नोंदवून घ्या. आमच्या मते दुसरा मार्ग बरा. पुढे राउटर बदलला तरी गोंधळ होत नाही.

काही साइट उघडतात, काही लटकतात

मेसेज जातात, पण एखाद्या बँकेचं पान अर्धवट येऊन फिरत राहतं. याचं कारण बहुधा पाकिटाचा, म्हणजे डेटाच्या एकेका तुकड्याचा आकार. साधं पाकीट १५०० बाइटचं असतं, पीपीपीओईचं वेष्टन ८ बाइट खातं आणि १४९२ उरतात. वॅनचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १४९२ ठेवा आणि फायरवॉलच्या वॅन झोनवर ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ची खूण आहे का बघा. मुळात ती असते. कोणी वॅन इंटरफेस पुसून नव्याने केला असेल तर तो वॅन झोनमध्ये घालायचा राहून जातो. मग राउटरला नेट मिळतं आणि घरातल्या फोनला मिळत नाही.

केबलवाल्याचं बिल भरायचं पानच उघडत नसेल तर लॉगमध्ये ‘डीएनएस रीबाइंड’ शब्द शोधा. त्या पानाचा पत्ता खासगी स्वरूपाचा असल्याने राउटर त्याला धोका समजून अडवतो. ते संरक्षण बंद करू नका. डीएनएस सेटिंगमध्ये सूट द्यायच्या नावांची यादी आहे, त्यात तेवढंच नाव घाला.

वेग कमी झाला

आकडा नीट बघा, तोच कारण सांगतो. प्लॅन २०० मेगाबिटचा आणि वेग ९० ते ९५ वरच अडकलेला असेल, तर कुठेतरी १०० मेगाबिटची जोडणी आहे. राउटरचा पोर्टच तेवढा असू शकतो, नाहीतर केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडल्या गेल्या आहेत. पिन डोळ्यांजवळ धरा. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारा सोनेरी पात्यांपर्यंत पोचलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी दोन मिलिमीटर मागे राहिलेली असते किंवा हिरवी पडलेली असते. समुद्राकाठच्या इमारतींत हा हिरवा गंज पावसाळ्यानंतर फार दिसतो. पिन कापून नवी बसवणं एवढंच काम आहे.

वेग भलत्याच आकड्यावर अडकला असेल तर कारण वेगळं. कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये पाकिटं पुढे ढकलायचं काम चिपमधला खास भाग करतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ते मुख्य प्रोसेसरवर येतं. फायरवॉलमध्ये ‘सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग’ चालू करा. मीडियाटेक एमटी७६२१ चिप असेल तर त्याखालचं हार्डवेअर ऑफलोडिंगही चालतं. मात्र एसक्यूएम (एकाच्या मोठ्या फाइलमुळे दुसऱ्याचा कॉल अडू नये म्हणून पाकिटांची रांग सांभाळणारी सोय) वापरत असाल तर ही दोन्ही बंदच ठेवा, कारण ऑफलोडिंगमुळे पाकिटं एसक्यूएमला वळसा घालून जातात. एसक्यूएममध्ये प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के आकडा लिहा. घरातून ऑफिसचे व्हिडिओ कॉल होत असतील तर आम्ही एसक्यूएमच सुचवतो. वेगाचा आकडा थोडा घटतो, पण कोणी मोठी फाइल पाठवत असताना आवाज तुटत नाही.

वायफाय येतं-जातं

चाळीत काय नि टॉवरमध्ये काय, शेजाऱ्यांचे पंधरावीस राउटर सहज दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच घ्या. मधला, म्हणजे ३ किंवा ४, मोकळा दिसतो, पण तो दोन्ही बाजूंचा गोंगाट ऐकतो. देशाचा कोड बदलून पॉवर वाढवू नका. ते नियमाबाहेर आहे, आणि राउटर मोठ्याने ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो.

५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६५ हे चॅनल निवडा. मधल्या ५२ ते १४४ या चॅनलांवर राउटरला आधी किमान ६० सेकंद रडारची चाहूल घ्यावी लागते, तोवर नाव दिसतच नाही. रडार ऐकू आलं तर चॅनल सोडावाही लागतो. वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड (५ गिगाहर्ट्झच्या आसपासचं) रडार आहे, त्यामुळे अंधेरी-जोगेश्वरीच्या ग्राहकांनी हे चॅनल टाळलेले बरे.

जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लग जोडला जात नसेल तर बहुधा डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) हे कारण. त्यांच्यासाठी २.४ वर वेगळं नाव देऊन डब्ल्यूपीए२ ठेवा.

राउटर आपोआप बंद-चालू होतो

फर्मवेअरवर संशय घेण्याआधी अ‍ॅडॉप्टर बदलून बघा. स्टिकरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलं असेल तर १२ व्होल्टचाच, १.५ किंवा जास्त अँपिअरचा चालतो. ९ व्होल्टचा किंवा १ अँपिअरचा नाही. म्हातारा अ‍ॅडॉप्टर राउटर सुरू करतो, पण वायफायवर भार आला की मान टाकतो. पिनची धन-ऋण खूण जुळवूनच लावा.

आतच शिरता येत नाही: फेलसेफ

चुकीच्या सेटिंगमुळे दार बंद झालं तर फेलसेफ, म्हणजे राउटर आणीबाणीत सुरू करायचा हा मार्ग. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२ पत्ता द्या, मास्क २५५.२५५.२५५.०. केबल लॅन पोर्टात. वीज काढून परत द्या आणि पॉवरच्या किंवा सिस्टीमच्या दिव्यावर नजर ठेवा. काही सेकंदांनी तो लुकलुकू लागतो. त्याच क्षणी रीसेट बटण एकदा दाबा. दिवा आधीपेक्षा खूप जलद फडफडू लागला की फेलसेफ मिळालं. संधी दोनतीन सेकंदांचीच असते. पहिल्या खेपेला चुकते, पुन्हा करा. मग एसएसएचने (लॅपटॉपवरून राउटरला आज्ञा टाइप करून द्यायची सोय) १९२.१६८.१.१ ला ‘रूट’ म्हणून जोडा, पासवर्ड लागत नाही. आधी ‘माउंट_रूट’ (mount_root), मग ‘फर्स्टबूट’ (firstboot) अशी आज्ञा द्या, विचारेल तेव्हा ‘वाय’ दाबा आणि वीज काढून परत द्या. सेटिंग्ज पुसल्या जातील, फर्मवेअर राहील.

फेलसेफही मिळत नसेल तर टीएफटीपीने (केबलवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) मूळ फर्मवेअर भरता येतं. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेल्सना लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.६६ लागतो आणि फाइलचं नाव मॉडेलनुसार ठरलेलं असतं. एक अक्षर चुकलं तरी राउटर ती फाइल मागतच नाही. विंडोजचा फायरवॉल तेवढ्यापुरता बंद ठेवा. त्यापुढची पायरी सीरियल केबलची. ती ३.३ व्होल्टचीच हवी, ५ व्होल्टने चिप जळते, आणि त्या केबलची वीज पुरवणारी तार जोडायचीच नाही. हे काम आमच्याकडे द्या.

पुन्हा फ्लॅश करणार (फर्मवेअर भरणार) असाल तर

राउटर उलटा करून स्टिकरवरची हार्डवेअर आवृत्ती वाचा. नाव एकच असलं तरी व्ही२ आणि व्ही४ मध्ये चिपच वेगळी असू शकते. कंपनीच्या फर्मवेअरवरून येताना ‘फॅक्टरी’ फाइल, आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तर ‘सिसअपग्रेड’. शा२५६ बेरीज (फाइल बिनचूक उतरली का ते दाखवणारा आकडा) जुळवून बघा, फ्लॅश वायफायवरून नव्हे, केबलनेच करा, आणि पाच मिनिटं वीज हलू देऊ नका. १९.०७ वरून २१.०२ किंवा त्यापुढे जाताना ‘कीप सेटिंग्ज’ची खूण काढा, कारण २१.०२ पासून अनेक मॉडेल्समध्ये पोर्ट मांडायची पद्धतच बदलली. ४ एमबी फ्लॅश मेमरी आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या राउटरला नव्या आवृत्त्या मिळत नाहीत, त्यावर कष्ट घेऊ नका.

आणि एक गोष्ट कृपा करून कराच. बॅकअपच्या पानावर ‘एमटीडीब्लॉक’ (राउटरच्या मेमरीचे भाग) उतरवून घ्यायची सोय आहे. तिथून ‘एआरटी’ किंवा ‘फॅक्टरी’ नावाचा भाग उतरवून ठेवा. त्यात कारखान्यात या एका राउटरच्या रेडिओचं मोजलेलं मापन आणि त्याचा मॅक पत्ता असतो. हा भाग पुसला गेला तर वायफाय दुबळं होतं किंवा उठतच नाही, आणि दुसऱ्या राउटरचा भाग भरून मूळ मापन परत येत नाही.

दुकानात येताना राउटरबरोबर त्याचाच अ‍ॅडॉप्टर, वॅनची केबल, फायबरवाल्याचा यूजरनेम-पासवर्ड आणि ही बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर आणा. लॉग उघडत असेल तर शेवटच्या वीसेक ओळींचा मोबाइलवर फोटो काढून आणा. राउटरखालचा स्टिकर मात्र सोलू नका.