कुटुंबाच्या क्रूझचे पैसे तुम्ही भरता, मग लॉयल्टी पॉइंट कोणाच्या खात्यात जातात?

आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे. मुलाने तीन केबिन बुक केल्या: एक त्यांची, एक बहिणीच्या कुटुंबाची, एक स्वतःची. सगळे पैसे एकाच कार्डावरून गेले. परत आल्यावर त्याने आपलं सदस्य खातं उघडलं, तर सात रात्रींचे सातच पॉइंट जमा. आठ माणसांचं भाडं भरूनही सात. हा घोळ नाही, नियमच तसा आहे.

बहुतेक क्रूझ कंपन्यांच्या लॉयल्टी प्रोग्रामचं तत्त्व एका वाक्यात सांगता येतं. जो जहाजावर झोपतो, क्रेडिट त्याचं. पैसे कोणाच्या खिशातून आले, हे त्या हिशोबात येत नाही. विमानाचे माइल्स जसे प्रवाशाला मिळतात, तिकीट काढून देणाऱ्याला नाही, तसंच हे. पैसे भरणाऱ्याला जे मिळतं ते त्याच्या क्रेडिट कार्डाच्या कंपनीकडून, आणि तो हिशोब पूर्ण वेगळा. कार्डाचे पॉइंट आणि जहाजाचे पॉइंट लोक एकत्र धरतात, म्हणूनच अपेक्षाभंग होतो.

पात्रता

साधारण अट अशी: प्रवाशाचं नाव बुकिंगवर असायला हवं, त्याचं भाडं भरलेलं असायला हवं आणि त्याने प्रत्यक्ष प्रवास केलेला असायला हवा. आयत्या वेळी आजारी पडून घरी राहिलेल्या काकांच्या भाड्याचे पैसे बुडतील, पण त्यांच्या नावावर प्रवासाच्या रात्री जमा होणार नाहीत. त्यांच्या रात्री तुमच्याकडेही वळवता येत नाहीत.

रॉयल कॅरिबियनच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत दर रात्री एक पॉइंट. सुइटमध्ये राहिलात तर दोन. दोघांच्या केबिनचं पूर्ण भाडं एकट्याने भरून एकटेच राहिलात, तरीही जादा पॉइंट मिळतो. पॉइंट वाढले की सदस्याची पायरी वर जाते: ३ पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. वरच्या उदाहरणातला मुलगा आपल्या केबिनमध्ये एकटा असता आणि त्याने दोघांचं भाडं भरलं असतं, तर त्याच सात रात्रींचे चौदा झाले असते. पण तेही त्याच्या स्वतःच्या केबिनमुळे, इतरांचे पैसे भरल्यामुळे नव्हे. (फक्त पॉइंटसाठी आई आणि बाबांना वेगवेगळ्या केबिनमध्ये ठेवायचा विचार कोणी करत असेल, तर भाड्याचा आकडा आधी बघा. पॉइंट इतके महाग विकत घेऊ नयेत.)

सेलिब्रिटी क्रूझेसच्या कॅप्टन्स क्लबमध्ये रात्रीची किंमत केबिननुसार बदलते. आतल्या, खिडकी नसलेल्या केबिनला माणशी दर रात्री २ आणि बाल्कनीच्या केबिनला ३. म्हणजे तुम्ही स्वतः आतल्या केबिनमध्ये राहून सासू-सासऱ्यांना बाल्कनी घेऊन दिलीत, तर सात रात्रींनंतर त्यांच्या नावावर प्रत्येकी २१ आणि तुमच्या नावावर १४. जादा पैसे तुम्ही भरलेत, पायरी ते चढले. आईवडिलांसाठी करत असाल तर वाईट वाटायचं कारण नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

डिस्नीच्या कास्टअवे क्लबचं गणित सर्वात सोपं. तिथे रात्री नव्हे, पूर्ण केलेल्या क्रूझ मोजतात. एक क्रूझ झाली की सिल्व्हर, पाचला गोल्ड, दहाला प्लॅटिनम, पंचवीसला पर्ल. तीन रात्रींची असो की सात, मोजणीत एकच.

पॉइंट वाटता येत नाहीत, पायरी कधी कधी येते

इथे बहुतेकांची गल्लत होते. पॉइंट एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात टाकणं जवळजवळ कुठेच चालत नाही. पायरीचं मात्र वेगळं आहे. रॉयल कॅरिबियनकडे एकाच पत्त्यावर राहणारे पती-पत्नी किंवा जोडीदार यांच्यात ज्याची पायरी वरची, तीच दुसऱ्यालाही मिळते, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांची. यासाठी दोघांची खाती जोडून घ्यावी लागतात. हे आपोआप होतं असं धरून चालू नका. भाऊ, बहीण, वेगळं घर असलेले आईवडील, लग्न झालेली मुलगी ही माणसं कितीही जवळची असली तरी या नियमात बसत नाहीत. तुम्ही डायमंड असाल आणि वडिलांच्या केबिनचे पैसे भरले असतील, तरी वडील तिथे त्यांच्या स्वतःच्या पायरीवरच चढतात.

बायकोची पायरी नवऱ्याला मिळाली म्हणून तिच्या रात्री त्याच्या नावावर जात नाहीत, हेही लक्षात ठेवा. खाती उद्या वेगळी झाली, तर ज्याचे त्याचे पॉइंट ज्याच्या त्याच्याकडे राहतात.

सवलतींचं आणखी एक वळण आहे. काही गोष्टी, जसं की आधी चढण्याची रांग, बऱ्याचदा केबिनमधल्या सगळ्यांना मिळतात. काही गोष्टी मात्र सदस्याच्या स्वतःच्या कार्डावरच येतात. रॉयल कॅरिबियनच्या डायमंड सदस्याला दिवसाला चार पेयं मोफत असतात, ती त्याच्याच सीपास कार्डावर, म्हणजे जहाजावर ओळख आणि खर्चासाठी मिळणाऱ्या कार्डावर. शेजारच्या केबिनमधल्या मेहुण्याला तो ती नियमाने देऊ शकत नाही. सदस्यांना मिळणारी भाड्यातली सूटही साधारणपणे सदस्य ज्या केबिनमध्ये राहणार तिलाच लागते. म्हणून तीन केबिनपैकी कोण कुठे, हे ठरवताना वरच्या पायरीचा माणूस कुठल्या केबिनमध्ये टाकायचा, याचा विचार बुकिंगआधी करावा.

जिथे खर्च मोजतात तिथे काय

आतापर्यंतचं सगळं रात्री आणि क्रूझ मोजणाऱ्यांबद्दल होतं. खर्चही मोजणारे प्रोग्राम आहेत, आणि पैसे भरणाऱ्याने खरं लक्ष द्यायचं ते इथे. हॉलंड अमेरिकाच्या मरिनर सोसायटीत प्रवासाच्या दिवसांखेरीज जहाजावरच्या दर ३०० डॉलर खर्चामागे खात्यात एक जादा दिवस जमा होतो. एमएससीच्या व्हॉयेजर्स क्लबमध्येही जहाजावरच्या खर्चाचे पॉइंट आहेत. कार्निव्हलने तर २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून जुन्या व्हीआयएफपी क्लबची जागा ‘कार्निव्हल रिवॉर्ड्स’ घेईल आणि पायरी दिवसांऐवजी खर्चावर ठरेल.

अशा ठिकाणी प्रश्न बदलतो. खर्च कोणाच्या खात्यावर नोंदला गेला? जहाजावर प्रत्येकाचं एक खातं असतं, ज्याला फोलिओ म्हणतात. सगळ्यांच्या खात्यांमागे तुमचं कार्ड जोडलेलं असलं, तरी मसाजचं बिल बहिणीच्या जहाजावरच्या कार्डावर लागलं तर ते बहिणीच्या फोलिओवर दिसतं. म्हणून पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन दोन गोष्टी सरळ विचारा: बिल कोण भरतो, आणि क्रेडिट कोणाला जातं. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी असू शकतात.

कागदपत्रं आणि माहिती

लागणारी यादी लांब नाही, पण अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. प्रत्येक प्रवाशाचं पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख आणि सदस्य क्रमांक. पहिल्यांदा जाणाऱ्याकडे क्रमांक नसतो. अनेक कंपन्यांत पहिल्या क्रूझनंतर सदस्यत्व मिळतं, काही ठिकाणी स्वतः नोंदणी करावी लागते. पैसे भरणारा सगळ्यांची माहिती घाईत टाकतो, कुठे टोपणनाव, कुठे लग्नाआधीचं आडनाव, आणि संगणक त्याच माणसाला नवीन समजून दुसरा क्रमांक देतो. मग मावशीची एक क्रूझ एका क्रमांकावर आणि दुसरी दुसऱ्यावर. असं झालं असेल तर दोन्ही क्रमांक, पासपोर्टची प्रत आणि नाव बदललं असल्यास त्याचा पुरावा देऊन खाती एकत्र करण्याची विनंती करावी लागते. हे शक्यतो पुढच्या प्रवासाआधी उरकावं.

पती-पत्नींची खाती जोडायला दोन्ही सदस्य क्रमांक आणि जुळणारा पत्ता लागतो. पत्ता बदलला असेल आणि एकाचंच प्रोफाइल सुधारलं असेल, तर जोडणी अडते. पैसे भरणारा स्वतः प्रवासाला जाणार नसेल, तर काही कंपन्या कार्डधारकाची लेखी परवानगी मागतात. ती आधीच देऊन ठेवा, म्हणजे बंदरावर आई-बाबांना उत्तरं देत उभं राहावं लागणार नाही.

‘क्रेडिट’ हा शब्द आणखी दोन ठिकाणी भेटतो. ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे जहाजावर खर्च करायची रक्कम. तिचा पायरीशी संबंध नाही. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन यांच्या शेअरधारकांना किमान १०० शेअर असल्यास ती मिळते, पण शेअरधारक स्वतः त्या प्रवासात असावा लागतो आणि आधी अर्ज करावा लागतो. दुसरं, रद्द झालेल्या प्रवासाबदली मिळणारं फ्युचर क्रूझ क्रेडिट. २०२० मध्ये महामारीमुळे जहाजं थांबली, तेव्हा ही क्रेडिट बऱ्याच ठिकाणी प्रवाशांच्या नावाने निघाली. पैसे एकाने भरले होते, क्रेडिट पाच जणांच्या नावावर विखुरलं. कोणाचेही पैसे भरताना रद्द झाल्यास परतावा कार्डावर येणार की प्रवाशाच्या नावाने, हे बुकिंगच्या अटींत वाचून घ्या. रोख परतावा सहसा मूळ कार्डावरच येतो.

प्रवासानंतर

पॉइंट क्रूझ संपल्यावर चढतात, त्यामुळे चालू प्रवासात नवी पायरी दिसली नाही तर गडबडू नका. काही दिवसांनी प्रत्येकाचं खातं उघडून बघा, आणि आई-बाबांचं त्यांच्यासोबत बसून बघा. रात्री कमी दिसत असतील तर बुकिंग क्रमांक, जहाजाचं नाव, निघाल्याची तारीख, केबिन क्रमांक आणि शेवटच्या दिवशी मिळालेला फोलिओ एवढं घेऊन लॉयल्टी विभागाला लिहा. दावा ज्याच्या रात्री राहिल्या त्याच्या नावाने करायचा, पैसे भरणाऱ्याच्या नव्हे. सगळ्यांचे फोलिओ जहाज सोडण्याआधीच आपल्या ईमेलवर मागवून ठेवले, तर सहा महिन्यांनी कोणाच्या कपाटात काय आहे ते शोधत बसावं लागत नाही.