पावसाळी रात्री रस्त्याची पांढरी पट्टी का दिसेनाशी होते?

पावसाळ्यात गोव्यातील सत्तरी तालुक्यातून चोरला घाट चढताना किंवा मोलेहून अनमोडकडे जाताना ज्याला आपण धुके म्हणतो, तो बहुधा सह्याद्रीला टेकलेला ढगच असतो. त्यातील जलकण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्याने ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. म्हणून धुके भेदण्याबाबत पिवळ्या दिव्याची ख्याती बरीचशी ऐकीवच म्हणावी लागेल. फॉग लॅम्पचा खरा गुण रंगात नसून तो खाली बसवलेला असण्यात आणि त्याचा झोत वर न जाण्यात आहे. याउलट हेडलाइट अप्परवर टाकला की तोच प्रकाश जलकणांवरून परतून चालकाच्या डोळ्यांवर येतो.

सखल भागातील महामार्गावर मात्र धुक्यापेक्षा पाणीच अधिक घात करते. पट्ट्यांच्या रंगात काचेचे बारीक मणी अर्धवट रुतवलेले असतात. मण्यात शिरलेला प्रकाश वळून मागच्या रंगावर एकवटतो आणि आल्या वाटेने गाडीकडे परततो. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळेल हे ठरवणारा आकडा, सुमारे १.५, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३ आहे. मण्यांवर पाण्याचा थर साचला की हा फरक घटतो, प्रकाश पुरेसा वळत नाही आणि पट्टी अंधारात हरवते. पर्सी शॉ या इंग्रज गृहस्थाने १९३४ मध्ये पेटंट घेतलेले ‘कॅट्स आय’, म्हणजे रस्त्यात बसवलेले प्रकाश परतवणारे बटण, पाण्याच्या थराच्या वर डोके काढून असते, म्हणून ते भर पावसातही चमकते. चीनमधील काही महामार्गांवर याहून पुढची व्यवस्था आहे: कडेचे पिवळे दिवे वाट दाखवतात आणि गाडी पुढे गेली की तिच्या मागचे दिवे काही अंतरापर्यंत लाल होऊन मागून येणाऱ्याला सावध करतात.

तथापि वाट दाखवणे आणि वेग आवरणे ही दोन निराळी कामे आहेत. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला प्रतिसादासाठी अडीच सेकंद दिले, तर ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते आणि ओल्या रस्त्यावर थांबेपर्यंत आणखी सुमारे ७० मीटर जातात. ताशी ४० किलोमीटरला हे एकूण अंतर ४५ मीटरच्या आसपास येते. धुक्यात चालकाला स्वतःच्या वेगाचा अंदाजही नीट येत नाही. तो वेग कमी वाटतो, असे १९९८ मधील एका प्रयोगात दिसले, तर २०१२ मधील दुसऱ्या प्रयोगात नेमके उलटे आढळले. तेव्हा घाटातील फलकावर नुसते ‘सावकाश चला’ लिहिण्यापेक्षा, दृश्यमानता मोजणाऱ्या संवेदकाला जोडलेला आणि तिच्यानुसार बदलणारा वेगाचा आकडा दाखवणे अधिक उपयोगाचे ठरेल.