एकटा दिवा किती लांब आहे?

"बाइक दिसलीच नाही हो!" चौकात उजवीकडे वळताना समोरच्या मोटरसायकलला धडकलेला कारचालक हेच म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरंच असतं. अमेरिकेतले संशोधक हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती. त्यांच्या 1981 च्या अहवालानुसार, दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अपघातांत त्या दुसऱ्या चालकाने मोटरसायकलला तिची वाट दिली नव्हती. बाइक त्याला दिसली नव्हती, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता.

भारतात 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच लागतो, तो यासाठीच. सुरुवातीला रस्त्यावरची भली माणसं हाताची बोटं उघडमीट करून "लाइट चालू राहिलाय" असं खुणावत असत. या दिव्याने लक्ष वेधलं जातं. पण पुढचा प्रश्न उरतोच: दिसलेली बाइक किती लांब आहे आणि किती वेगाने येते आहे?

समोरून सरळ येणारी वस्तू डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त मोठी होत जाते. ती किती झपाट्याने मोठी होते, यावरून मेंदू अंदाज बांधतो. रात्री कारचा आकार दिसला नाही तरी तिचे दोन हेडलाइट एकमेकांपासून दूर जाताना दिसतात. त्यांच्यात सव्वा मीटरच्या आसपास अंतर असतं. बाइकचा एकच दिवा, जेमतेम 15 सेंटिमीटर रुंद. साधा हिशेब केला तर कारचे दिवे 85 मीटरवर ज्या गतीने फाकताना दिसतात, त्या गतीने बाइकचा दिवा मोठा होताना दिसायला ती 30 मीटरवर यावी लागते. ताशी 60 किलोमीटर वेगाने 30 मीटर म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत. तोवर कार वळलेली असते.

लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी 2012 मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. अंधार वाढला तसा एकट्या दिव्याच्या मोटरसायकलच्या वेगाचा अंदाज फार ढासळला. कारचा तेवढा नाही. मात्र मोटरसायकलवर तीन दिव्यांचा त्रिकोण केल्यावर तिचा अंदाज सुधारला.

म्हणून मला वाटतं, दिवे वाढवायचेच असतील तर अंतराचा अंदाज यावा म्हणून वाढवावेत, प्रखरतेसाठी नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये झगझगीत एलईडी बल्ब घालायची सध्या फार हौस आहे. तो रिफ्लेक्टर बारीकशा तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. प्रकाशाची जागा बदलली की झोत विस्कटतो. समोरच्याच्या डोळ्यांत तो प्रकाश विखुरतो आणि आजूबाजूचं सगळं धुवून टाकतो, तुमचा इंडिकेटरसुद्धा. त्यापेक्षा लेगगार्डच्या दोन टोकांना, हेडलाइटपासून शक्य तितके दूर, मंद, न लुकलुकणारे पांढरे दिवे बरे. त्यांचा झोत खाली झुकलेला असावा. बसवण्याआधी आरटीओत नियम विचारून घ्यावा.

मागच्या ब्रेक लाइटमध्ये मात्र एलईडीचा निखळ फायदा आहे. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सुमारे 0.2 सेकंद घेते, एलईडी जवळजवळ तत्काळ लागतो. ताशी 60 च्या वेगात मागच्या गाडीला त्यामुळे थांबायला तीनेक मीटर जास्त मिळतात. मात्र इथेही त्या जागेसाठीच बनवलेला दिवा घ्यावा.

दिवे बसवल्यावर तिन्हीसांजेला बाइक मोकळ्या मैदानात उभी करा, मित्राला तिच्याजवळ थांबवा आणि शंभर पावलं लांब जाऊन कारच्या सीटवर बसून पाहा. तीन वेगळे ठिपके दिसायला हवेत. एकच पांढरा गोळा दिसत असेल, तर दिवे फार जवळ आहेत किंवा फार प्रखर.