'मी' गेला की माणूस संसारातून उठतो?

"ध्यानाच्या फार नादी लागू नकोस, संसारातून उठशील." सांगलीकडं हे अजून ऐकवलं जातं. समज असा, की अद्वैत, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच असं सांगणारा विचार, तो ध्यानात उतरवायचा म्हणजे 'मी' मारून टाकायचा. आणि तो मेला की ना घरदार, ना हिशेब.

दाखला मात्र याच जिल्ह्यात उलटा आहे. इंचगिरी संप्रदाय ही याच विचाराची गुरुपरंपरा. तिचे भाऊसाहेब महाराज जत तालुक्यातल्या उमदीचे. त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज, आणि त्यांचे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१), मुंबईतले विडीविक्रेते. १९३६ साली गुरू गेल्यावर ते घर सोडून निघाले खरे, पण परतले आणि पुन्हा दुकान-संसार बघू लागले. भाऊसाहेबांचेच शिष्य रा. द. रानडे तर अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

मग जातं काय? शंकराचार्य त्याला अध्यास म्हणतात: देह-मनाचे गुणधर्म स्वतःवर चढवणं. अंधारात दोरीच्या जागी भासलेला साप मारावा लागत नाही, उजेड पडला की पुरे. हाकेला ओ देणारा, लाईटबिल भरणारा 'मी' व्यवहारात राहतोच. 'एवढाच मी' ही समजूत गळते. ध्यानात विचार आले म्हणून खट्टू होणारेही याच घोटाळ्यात असतात. विचार येणारच. ते ज्याला दिसतात, तिकडं लक्ष वळवायचं.

जबाबदारी टाळायला 'सगळं मिथ्या' म्हणणारे असतात, नाही असं नाही. पण उधारी मागायला आलेल्या दुकानदाराला ते पटत नाही, आणि शंकराचार्यांनाही पटलं नसतं. ज्ञान होईपर्यंत व्यवहार खराच, असं ते स्पष्ट सांगतात.